साहेबांचा चौथा कॉम्प्युटर

पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा साहेबांनी त्याच्यासाठी काचेची खोली करवून घेतली, एसी बसवला आणि दारावर पाटी लावली : चपला बाहेर काढाव्यात. बाहेर माणसं घामाने निथळत तक्रारी लिहून घ्यायची आणि आत ते यंत्र गारव्यात बसायचं. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, आणि तळहाताहून मोठ्या, लेच्यापेच्या फ्लॉप्या. साहेब रोज काचेबाहेर उभे राहून दर्शन घेत. हात मात्र कधी लावला नाही. हात लावायचे नकाशेकाका.

नकाशेकाका म्हणजे कार्यालयाचे आरेखक. गावाच्या पोटात चारशे बारा व्हॉल्व्ह. कोणता कुठे पुरलाय, कोणाच्या पायरीपासून किती पावलांवर, कोणता उलटा फिरतो, हे सगळं त्यांनी वहीत बघून एकेका बोटाने टाइप केलं. मग दुसरा कॉम्प्युटर आला. त्याच्या फ्लॉप्या लहान, जुन्या त्यात जाईनात. काकांनी पुन्हा टाइप केलं. तिसरा आला रंगीत पडद्याचा, माउससकट. त्याला जुनी अक्षरं वाचता येईनात. पुन्हा टाइप केलं. दर खेपेला जग एक पाऊल पुढे जायचं आणि काका पहिल्या व्हॉल्व्हवर परत यायचे. साहेबांचं काम ठरलेलं : फीत कापायची, फोटोत मधोमध उभं राहायचं.

चौथा तर साहेबांनी आपल्याच केबिनमध्ये ठेवून घेतला. काकांनी तिथे बसून चौथ्यांदा सगळं टाइप केलं. त्याच वर्षी कार्यालय कागदमुक्त करायची त्यांना हुक्की आली आणि काकांच्या वह्या रद्दीत गेल्या. "आता सगळं आत आहे ना? मग हा कचरा कशाला?"

आता ऐका पुढची कथा. कार्यालय नव्या इमारतीत गेलं आणि तिसऱ्याच दिवशी बाजाराच्या गल्लीत मोठी पाइपलाइन फुटली. तळमजल्यावरच्या घरांत पाणी शिरलं. मुख्य व्हॉल्व्ह नव्या डांबराखाली कुठेतरी गाडलेला. काका धावत साहेबांच्या केबिनमध्ये आले. टेबलावर पाहिलं, मग खाली, मग मागे.

"साहेब, खोकं कुठाय?"

"कसलं खोकं?"

"कॉम्प्युटरचं."

"अहो, हा काय समोर! मी स्वतः मांडीवर घेऊन आलोय. ड्रायव्हरला बजावलं होतं, एक जरी खड्डा लागला तर घरी बसवीन."

"हा पडदा झाला. याच्या खाली होतं ते?"

"ते पाय ठेवायचं? दिलं भंगारात. तापायचं हो फार."

देव भंगारात आणि देव्हारा मांडीवर! बरं, काकांनी सीडीवर काढून ठेवलेली नक्कलही साहेबांच्या त्याच गाडीतून आली होती. चकचकीत दिसते म्हणून ड्रायव्हरने आरशाला टांगली, आणि दोन दिवसांत चरे पडून ती निकामी झाली.

भंगारवाल्या मावशींनी काकांना बघितलं आणि मान हलवली. "उशीर केलात. पत्रा त्या ढिगात, तारा ह्या ढिगात. आतली चकती कालच गाडीने गेली. काय होतं तिच्यात?"

"सतरा वर्षं, मावशी."

मावशींनी त्यांना पाणी दिलं आणि साहेबांचा उद्धार सुरू केला. तो इथे लिहिण्यासारखा नाही, पण त्यातला एकही शब्द वाया गेला नाही.

काका तसेच गल्लीत गेले. व्हॉल्व्ह उघडबंद करणाऱ्या चावीवाल्याकडून लोखंडी गज घेतला, डांबरावर टेकवला आणि वरच्या टोकाला कान लावला. पाणी व्हॉल्व्हच्या अडचणीतून जाताना वेगळं बोलतं. एका जागी ऐकलं, दुसऱ्या जागी ऐकलं, पाचव्या जागी म्हणाले, "खण." हातभर खाली व्हॉल्व्ह निघाला. चावीवाल्याने तो आवळला.

दुसऱ्या दिवशी नगरपालिकेच्या अध्यक्षीणबाई चौकशीला आल्या. साहेबांनी छाती काढून सांगितलं, "संगणकीकरणामुळेच गळती आटोक्यात आली, मॅडम. आणि हा बघा, पाचवा आजच बसवलाय! काका तीन महिन्यांनी निवृत्त होतायत, त्याच्या आत सगळं पुन्हा भरून देतील. काय काका?"

चावीवाल्याने काकांकडे बघितलं. शेवटचे तीन महिने काकांनी गावभर फिरून त्याला एकेक व्हॉल्व्ह दाखवायचा ठरवलं होतं. पाचव्यांदा टाइप करत बसले तर ते राहिलंच.

"भरतो की," काका म्हणाले. "फक्त साहेब, चार माणसांदेखत एकदा हात ठेवून सांगा, यातला कॉम्प्युटर कोणता?"

साहेब हसले. पडदा नव्हे, एवढं आता त्यांना कळलं होतं. ते टेबलाखाली वाकले. तिथे दोन खोकी. थोडा विचार करून त्यांनी ठामपणे हात ठेवला तो वीज गेल्यावर लागणाऱ्या बॅटरीच्या खोक्यावर.

चावीवाल्याला ठसका लागला. अध्यक्षीणबाई मात्र हसल्या नाहीत.

"काका, तुम्ही या चावीवाल्याला घेऊन गावात फिरा. वहीत लिहा, आणि वही याच्याच हाती द्या."

"आणि मॅडम, पाचवा?" टेबलाखालून साहेबांनी विचारलं.

"तो तुम्ही भरा. चारशे बारा आहेत. काका बोलून दाखवतील, तुम्ही टाइप करा."