भिंतीपलीकडचा वर्ग

माझी रीना बहिरी आहे, मठ्ठ नाही. भंडाऱ्याच्या एसटीत बसल्यापासून हे वाक्य मी मनात घोटत होते, कारण शाळेत पोचल्याबरोबर ते गोपीचंद सरांच्या तोंडावर फेकायचं होतं. त्यांचा फोन आला होता. "रश्मीताई, पोरीले इथं काही जमत नाही. विचारावं एक तर सांगते भलतंच. घेऊन जा तिले. मतिमंदांच्या शाळेत टाकून पाहा." पवनीत आमच्या गल्लीतल्या बायकांच्या चहाड्या ओठांवरून वाचणारी पोरगी, आणि ती मतिमंद? बसमधून उतरेपर्यंत मी चांगलीच तापले होते.

ही शाळा बहिऱ्या मुलांची, राहण्याची सोय असलेली. दिवाळीनंतर कुणा दानशूराने तिथे नवी यंत्रं दिली होती. शिक्षकाच्या गळ्यात माईक आणि कमरेला डबी. मुलांच्या श्रवणयंत्राला एकेक बटण. शिक्षक वर्गात कुठेही उभा असो, त्याचा आवाज रेडिओसारखा थेट पोरांच्या कानात. एक संच रीनाच्या दुसरीला, एक शेजारच्या चौथीला. बातमी कळली तेव्हा आम्ही घरी गोडधोड केलं होतं. आणि नेमकं तेव्हापासूनच रीनाचं बिनसलं, असं सरांचं म्हणणं.

"तुमच्यासमोरच दाखवतो," मी वर्गात पोचून तोंड उघडायच्या आत सर म्हणाले. रीना सगळ्यांत शेवटी दाखल झाली म्हणून शेवटच्या बाकावर, भिंतीला टेकून बसली होती. मला पाहून खुदकन हसली. सरांनी आंब्याचं चित्र धरलं. "रीना, हे काय आहे?"

तिने सरांच्या तोंडाकडे पाहिलं, जरा गोंधळली, आणि ठसक्यात म्हणाली, "वैनगंगा!"

सरांनी गाय दाखवली. "छप्पन्न!"

सरांचं तोंड पाहून पोरं हसायला लागली. "पाहिलं ना, ताई?" सर म्हणाले. घोटलेलं वाक्य आता कोणत्या तोंडाने फेकणार? पोरीसमोर रडू नये म्हणून बाहेर व्हरांड्यात आले आणि दोन वर्गांच्या मधे पदराने डोळे पुसत उभी राहिले.

चौथीत मंगला मॅडम शिकवत होत्या. त्यांचा फळा दोन वर्गांमधल्या त्याच भिंतीवर, रीनाच्या बाकाच्या बरोब्बर पलीकडे. "भारताची राजधानी कोणती?" त्यांनी विचारलं. त्यांच्या वर्गातला एकही हात अजून वर झाला नव्हता, तेवढ्यात माझ्या पाठीमागून, दुसरीतून, माझ्या पोरीचा आवाज आला. "दिल्ली!"

मॅडमना काही पत्ता नव्हता. "नऊ सक?" त्यांनी पुढे विचारलं.

"चोपन्न!" रीना इकडून ओरडली. दुसरीला अजून नवाचा पाढा सुरूसुद्धा झाला नव्हता.

मी चांगल्या कानांची बाई दाराशी कान देऊन जे ऐकत होते, ते माझी बहिरी लेक पक्क्या भिंतीतून ऐकत होती. चमत्कार वगैरे आमच्या घरात कुणी मानत नाही. म्हणून मी सरळ आत गेले. "सर, बाहेर या. काही बोलू नका, फक्त आयका."

सर आले. मॅडमनी विचारलं, रीनाने उत्तर दिलं. त्यांनी स्वतःच्या डबीचं बटण बंद केलं, तर दुसरीतली सगळीच पोरं बावरून इकडेतिकडे पाहायला लागली. सर वर्गात नाहीत, मग कानात बोलतंय कोण?

सरांनी मॅडमची डबी मागवली, आपल्या डबीशेजारी धरली. दोन्हींवर एकच नंबर. "आले तसेच लावले आम्ही," ते हळूच म्हणाले. "दोघांची फ्रिक्वेन्सी एकच. एका वाटेनं दोन आवाज आले का जवळचा जिंकते, ताई. बाकीचे पोट्टे माझ्याजवळ बसतात. रीना मॅडमजवळ होती."

मग दोघांनी बसून वाटणी केली. दुसरीला नंबर एक, चौथीला नंबर तीन. मैदानापलीकडच्या पहिलीला पुढे यंत्र आलं तर तिला पुन्हा नंबर एक दिला तरी चालेल, कारण आवाज तिथवर पोचत नाही. एकेका पोराचं बटण जुळवून झालं, रीनाचं तेवढं राहिलं. तपासायचा इअरफोन सरांनी माझ्या कानाला लावला, त्याची नंबर बदलायची चकती माझ्या हातात दिली आणि वर्गात गेले. सर चिमण्यांची कविता म्हणत होते. चकती पुढे सरकवली, चिमण्या गेल्या, मॅडम नद्या सांगत होत्या. हवा तीच, व्हरांडा तोच, दोघं एकाच वेळी बोलत होते आणि एकाच्या शब्दाला दुसऱ्याचा धक्का नव्हता. गावात संध्याकाळी चुली पेटल्या की सगळ्यांचा धूर एक होतो. इथे काहीच मिसळत नव्हतं. मी कितीतरी वेळ मान वर करून नुसती त्या रिकाम्या हवेकडे पाहत राहिले. एवढं सगळं माझ्या डोक्याभोवती चाललं होतं आणि मला आयुष्यात कधी कळलं नव्हतं.

मग सरांनी रीनाचंही बटण जुळवलं आणि तिच्यासमोर उकिडवे बसले. "रीना, जेवलीस का?"

ती दचकली. सरांच्या ओठांकडे पाहिलं. हात कानाकडे गेला. पुन्हा ओठांकडे पाहिलं आणि एकदम माझा पदर ओढला.

"आई! सर बोलून राहिले!"

दिवाळीपासून ती त्यांच्या हलत्या ओठांसमोर बसून दुसऱ्याच बाईंचा धडा शिकत होती. मी तिला जवळ घेतलं. "बाई, सरचं तोंड वेगळं आन् कानात वेगळं, हे तू कोणाले सांगितलं काहून नाही?"

ती माझ्याकडे पाहून, मलाच काही कळत नाही अशा सुरात म्हणाली, "मले वाटलं, शाळेत असंच शिकवतात."