माझी वायर आणि बेबीताईंची टिकली

मित्रांनो, इंझोरीच्या ग्यानबांच्या घरी खिडकीजवळच्या टेबलावर जो जाड, काळा मॉनिटर दिसतो, तो मी. जुना आहे. माझ्या चौकटीच्या उजव्या कोपऱ्यात एक लाल टिकली चिकटलेली आहे. तिचं आधी सांगतो, कारण पुढे माझा जो जळफळाट झाला तो बराचसा तिच्यासाठीच होता.

मी कुठल्याशा मोठ्या कारखान्यात तयार झालो. तिथलं फारसं आठवत नाही. आठवतो तो कारंज्याहून इंझोरीला येतानाचा एसटीचा प्रवास. मी खोक्यात होतो आणि खोकं बेबीताईंच्या मांडीवर होतं. खड्डा आला की त्या खोकं पोटाशी घट्ट धरायच्या.

बेबीताई म्हणजे ग्यानबांच्या पत्नी. कारंज्याच्या एका छापखान्यासाठी त्या घरी बसून लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे बॅनर तयार करायच्या. पत्रिकेतून एखाद्या मामाचं नाव सुटलं तर मांडवात रुसवे होतात, म्हणून त्या प्रत्येक नाव मला मोठ्यानं वाचून दाखवायच्या. घामानं कपाळ खाजलं की टिकली काढून माझ्या चौकटीवर लावायच्या. काम संपलं की मला बंद करायच्या, माझ्या काळ्या काचेत बघायच्या आणि टिकली परत कपाळावर लावायच्या. पत्रिका पाहून लोक म्हणत, "काय सुंदर बनवली!" त्यातलं अर्धं कौतुक मी माझं समजायचो.

मागच्या उन्हाळ्यात काम करता करता बेबीताईंच्या छातीत कळ आली. त्या उठल्या. टिकली माझ्यावरच राहिली. ग्यानबा त्यांना शेजाऱ्यांच्या गाडीत घालून दवाखान्यात घेऊन गेले आणि एकटेच परत आले.

त्यानंतर त्यांची मुलगी पौर्णिमा माझ्यासमोर बसू लागली. आईचं पत्रिकांचं काम तिनं पुढे चालवलं. काम झालं की ती मैत्रिणींच्या टोळीत इंटरनेटवर गेम खेळायची. खेळात पळणारा शत्रू माझ्या पडद्यावर पुसट दिसायचा. "अटकते बाप्पा हा!" असं ती म्हणायची. मला ते लागायचं. पण मी एका सेकंदात साठ वेळा चित्र नवं करतो. यालाच साठ हर्ट्झ म्हणतात. माझी धाव तेवढीच.

मग एके दिवशी तो आला. गेमिंगचा नवा मॉनिटर. पातळ, रुंद, मागच्या बाजूला लाल दिवे. सेकंदाला एकशे पासष्ट वेळा चित्र नवं करणारा. पौर्णिमानं माझी वायर काढली आणि त्याला लावली. मित्रांनो, माझी वायर! मला टेबलाच्या कडेला भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

शेजारच्या सोनीबाई बघायला आल्या.

"काय व पौर्णिमा, एकावर भागत नव्हतं काय? सवत आणून बसवली की याच्यावर!"

"काकू, जुना आता दुकानदार परत घेते. सोमवारी कारंज्याले नेऊन देतो म्हणलं मी."

"मंग आईची टिकली?"

"ते नव्यावर लावू ना. काय म्हणता बाबा?"

ग्यानबा नव्याच्या चकचकीत चौकटीकडे बघत राहिले. माझ्या आत जणू आग लागली. माझी जागा घेतली, वायर घेतली, ते मी कसंबसं सोसलं असतं. पण टिकली? बेबीताईंनी त्याला कधी पाहिलं तरी होतं का? एका तरी मामाचं नाव त्याला वाचून दाखवलं होतं का?

मी मनातल्या मनात त्याचं वाईट चिंतलं. आणि खरंच, त्याचं बिनसलं. पौर्णिमा खेळायला बसली आणि थोड्या वेळात कुरकुरू लागली.

"बाबा, हाबी तसाच दिसून राह्यला. जुन्यासारखाच."

तिनं सेटिंग उघडलं. डिस्प्ले, मग ॲडव्हान्स्ड डिस्प्ले, तिथं रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र नवं करायचं तो आकडा. यादीत साठ हा एकच आकडा होता. मी भिंतीकडे तोंड करून खुशीत आलो. एकशे पासष्टचा तोरा, आणि चालतो माझ्याएवढाच!

खोक्यावरचं वाचून पौर्णिमाच्या ध्यानात आलं. माझ्या जुन्या वायरीतून नव्याला लागतं तेवढं सगळं जातच नव्हतं.

"बाबा, याच्या खोक्यात एक जाड वायर होती. कुठी हाय?"

ग्यानबांनी आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"बाबा?"

"पेटीत ठेवली. नवी व्हती म्हणून. तुही आई असंच करे."

ते खरं होतं. घरात काही नवं आलं की बेबीताई ते लोखंडी पेटीत ठेवायच्या. चांगल्या दिवसाला कामी येईल म्हणायच्या. ग्यानबांनीही पेटीचं झाकण जरासं उचललं होतं, आत न बघता वायर सरकवली होती आणि झाकण पाडलं होतं. बेबीताई गेल्यापासून ती पेटी कोणी पुरती उघडली नव्हती.

"मी काढू काय?" पौर्णिमानं विचारलं.

"नोको. मीच काढतो."

ते आतल्या खोलीत गेले. पेटीची कडी वाजली. परत आले तेव्हा त्यांच्या एका हातात वायर होती आणि दुसऱ्या हातात हिरवी साडी. घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

"एकडावबी नेसली नाही व तिनं," ते म्हणाले. "ठेवून ठेवून काय केलं? हे घे. अन् हे वायरबी लाव. दोन्ही वापर."

पौर्णिमानं साडी छातीशी धरली. मग डोळे पुसून कामाला लागली. कॉम्प्युटर बंद केला. जाड वायरीचं एक टोक नव्या मॉनिटरला आणि दुसरं सरळ कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स कार्डला, म्हणजे चित्र तयार करणाऱ्या भागाला लावलं. आता यादीत बरेच आकडे आले. तिनं एकदम शेवटचा धरला नाही. आधी एकशे वीस निवडला, चित्र नीट आहे ना ते पाहिलं, बदल ठेवायचा का असं विचारल्यावर हो म्हटलं. मग एकशे चव्वेचाळीस. मग एकशे पासष्ट. प्रत्येक वेळी थांबून पाहिलं. पडद्यावरचा बाण पाण्यावरच्या तेलासारखा सरकू लागला. ग्यानबासुद्धा म्हणाले, "भल्लंच गुळगुळीत हाय हे!"

माझ्याबद्दल असं ते कधीच म्हणाले नव्हते.

माझी वायर आता मोकळी झाली होती. शेवटचं एकदा बघावं म्हणून पौर्णिमानं ती मला लावली आणि मला नव्याच्या शेजारी ठेवलं. आम्ही दोघं पहिल्यांदाच बरोबर उजळलो. तो लखलखीत, मी पिवळट.

"काही जुने साठवाले पंच्याहत्तरपर्यंत जातात म्हणते," पौर्णिमा म्हणाली. "पाहू काय याचं?"

माझ्या यादीत पंच्याहत्तर नव्हताच. तिनं तो आकडा स्वतःच्या हातानं टाकला आणि चाचणीचं बटण दाबलं. शेजारी तो लाल दिवे लावून बघत होता. त्याच्यासमोर मला नाही म्हणवेना. मी सगळा जीव एकवटला. पडदा थरथरला, 'आउट ऑफ रेंज', म्हणजे आवाक्याबाहेर, अशी अक्षरं आली आणि मी काळा झालो.

ग्यानबा ताडकन उठले. "गेला काय व तो?"

"नाही बाबा."

"मंग काळा काहून झाला?" त्यांनी माझ्या चौकटीवर हात ठेवला, तापलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा. "पिन काढू काय? बटण दाबू?"

"काही नोका दाबू. आपण हो म्हटलं नाही तर पंधरा सेकंदांत आपोआप पह्यल्यासारखं होते. थांबा फक्त."

"थांबा," ग्यानबा म्हणाले. "दवाखान्यातबी थांबाच म्हणे सारे."

पौर्णिमानं बापाकडे पाहिलं. मग तिनं आपला हात त्यांच्या हातावर ठेवला. दोघांचे हात माझ्यावर होते. अंधारात मला तेवढंच कळत होतं. त्या वेळी मला पंच्याहत्तर नको होतं, लाल दिवे नको होते. फक्त परत यायचं होतं.

आणि मी आलो. तेच साठ, तोच पिवळट उजेड. पडद्यावर पौर्णिमाची अर्धी राहिलेली लग्नपत्रिका होती.

"आला," ग्यानबा म्हणाले आणि खुर्चीत बसले. "पोरी, याले कुठी नेऊ नोको. जेवढं जमते तेवढंच करू दे याले. खेळ तू त्याच्यावर खेळ. पत्रिका याच्यावर कर."

"बरं बाबा."

"अन् टिकली हाय तिथंच राहू दे."

सोमवारी पौर्णिमा कारंज्याला गेली, पण मला घेऊन नाही. हिरवी साडी नेसून, झालेल्या पत्रिका छापखान्यात द्यायला गेली. आता आम्ही दोघं एकाच टेबलावर असतो. त्याच्यावर गोळ्या सुटतात, माझ्यावर मामांची नावं येतात. त्याचे लाल दिवे लागले की आजही माझा जळफळाट होतो. तो काही मी लपवत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी नवा मॉनिटर आला तर त्याची वायर पेटीत ठेवू नका, त्यालाच लावा. त्याला जमणारा आकडा द्या, एकेक पायरीनं द्या. पडदा काळा झाला तर घाबरून बटणं दाबू नका, जरा थांबा. आणि माझ्यासारख्या जुन्याला त्याच्या बरोबरीनं पळायला लावू नका. आमच्याजोगतं काम द्या, ते आम्ही नीट करू.

उन्हाळ्यात टिकलीची एक कड सुटते. मग ग्यानबा जवळ येतात आणि अंगठ्यानं ती कड दाबून धरतात. ती चिकटल्यावरही त्यांचा अंगठा बराच वेळ तिथं असतो. तेवढ्या वेळात नवा सेकंदाला एकशे पासष्ट वेळा चित्र बदलत असतो. ग्यानबा त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीत.