नाव बदलले आहे

लेखात वैजनाथचं नाव बदलून भाग्यश्रीबाईंनी 'रामदास' केलं आणि आपलं कर्तव्य संपलं असं त्या समजल्या. विद्वान माणसांचं हे असंच असतं. बाई समाजशास्त्राच्या. तुरुंगातून सुटलेल्याच्या कपाळावरचा शिक्का जन्मभर का पुसला जात नाही, यावर त्यांनी बरीच वर्षं लेखणी घासली होती. त्यातलं एक प्रकरण रविवारच्या पुरवणीत छापून आलं. दारूच्या भांडणात मित्राच्या डोक्यात पहार घालून येरवड्याला गेलेला माणूस आता हिंजवडीच्या कंपनीतल्या मुलींना गाडीतून घरी सोडतो. त्या गाडीच्या सीटवर त्याने तुरुंगात शिकून स्वतः विणलेली निळी-पिवळी सतरंजी असते. ही सतरंजी बाईंना इतकी आवडली होती, की ती गाळायला त्यांचा हात धजावला नाही.

आता पुण्यात रविवारची पुरवणी कोण वाचत नाही? सोमवारी मुलींनी सतरंजी ओळखली आणि मंगळवारी वैजनाथचं काम सुटलं.

तो बाईंकडे आला, पण भांडायला नाही. "ताई, लेख चांगला झालाय. आमच्या हिनं दोनदा वाचला." बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याला घेऊन त्या तडक गाड्यांच्या ठेकेदाराकडे, जयसिंगकडे गेल्या.

जयसिंगने उठून खुर्ची दिली, चहा सांगितला. "मॅडम, वाचून गलबलून आलं. समाजानं ह्या लोकांना संधी द्यायलाच पाहिजे."

"मग द्या की."

"समाजानं म्हणतोय मी."

बाई तावातावाने बोलल्या. इतक्या वर्षांत याची एक तक्रार नाही, शिक्षा भोगून झाली, आणखी किती भोगायची? जयसिंगने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमची मुलगी हिंजवडीलाच लागली ना? उद्यापासून बसेल ह्याच्या गाडीत?"

बाईंच्या डोळ्यांसमोर लेक श्रद्धा आली, आणि तिच्या मागोमाग ती पहार.

"बसेल की. न बसायला काय झालं?" बाई म्हणाल्या. पण तोवर चहा येऊन त्यावर साय धरली होती.

वैजनाथ आधी उठला. "चला ताई. तुम्हाला रिक्षा बघून देतो."

बाईंना हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याचीच त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली.