खिशातलं मीठ

माझ्या तोंडाला कुलूप नाही, हे मला मान्य आहे. वीस वर्षं मटणाच्या दुकानात काउंटरवर उभी आहे. तिथे तोंड मिटून भागत नाही. पण त्या सुट्टीच्या दिवशी माझ्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली, हेही खरं.

दुकान आम्हा बहीणभावाचं. पुढे मी वजन करते, मागे धाकटा भाऊ कापतो. मध्ये दार आहे, दाराला कडी आहे, आणि ती लावायचं काम माझं. त्या सुट्टीच्या पंधरा दिवस आधी ते राहिलं. भावाची पाच वर्षांची लेक, जिला आम्ही मुंगी म्हणतो कारण ती जन्मल्यापासून एका जागी बसलेली नाही, कात्री शोधत थेट मागे गेली. बाहेर आली ती भिंतीला घासत, हळूहळू.

"आत्या, बाबाच करतो?"

"छे गं! बाबा नुसती सुरीला धार लावतो," मी ठोकून दिलं. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मीच नजर वळवली. पाच वर्षांच्या पोरीला थाप बरोब्बर कळते.

त्या दिवसापासून तिनं बाबाचा हात सोडला. रस्ता ओलांडायचा तर माझा हात धरायची. बाबा केसांवरून हात फिरवायला गेला की मान आखडून घ्यायची. रडणं नाही, हट्ट नाही, आदळआपट नाही. आदळआपट केली असती तर बरं झालं असतं, निदान समजूत तरी काढता आली असती. भाऊ बापडा मोरीत उभा राहून लिंबाच्या फोडीनं कोपरापर्यंत हात घासायचा. एकदा माझ्यापुढे हात धरून म्हणाला, "ताई, वास येतो का गं अजून?" माझा जीव तुटला अगदी.

बागेची कल्पना वहिनीची. गावाबाहेर एक प्राण्यांची बाग आहे, तिथे मुलांना आत सोडतात, आपल्या हातानं खाऊ घालू देतात.

"मी नाही येत," भाऊ म्हणाला. "बकऱ्या मला बघून पळत सुटतील. पोरीसमोर आणखी शोभा कशाला?"

"अहो, चला म्हटलं ना!" वहिनी एकच गोष्ट तिसऱ्यांदा सांगत नाही, हे आम्हाला माहीत आहे. तिनं त्याची चांगली पँट इस्त्रीला काढली आणि पुन्हा ओरडली, "याही खिशात मीठ! अहो, ही बारशाला घातलेली पँट आहे!"

त्याचं असं की कापताना हात निसटतात. म्हणून भाऊ खिशात जाडं मीठ ठेवतो आणि चिमूट-चिमूट तळव्यांना चोळतो, म्हणजे पकड येते. सवयच ती. दुकानात जायचं नसलं तरी पँट चढवली की मूठभर मीठ खिशात जातंच. वहिनी झटकते, तो पुन्हा भरतो.

बागेत शिरताना गमबूट घातलेल्या एका मुलीनं दोन्ही पोरांच्या हातात खाद्याच्या गोळ्यांचा एकेक कागदी पेला दिला. "तळहात सपाट ठेवायचा हं, बोटं पुढे नाही करायची." सशांपाशी आमच्या अडीच वर्षांच्या भोपळ्यानं, म्हणजे मुंगीच्या भावानं, पहिली गोळी सशाला दिली आणि दुसरी स्वतः खाल्ली. वहिनी किंचाळली. गमबूटवाली म्हणाली, "काही होत नाही हो, गवतच आहे ते." मग भोपळ्यानं तिसरीही खाल्ली.

बकऱ्यांच्या कुंपणापाशी आल्यावर भाऊ बाहेरच थांबला. दोन्ही हात खिशात खोल खुपसून, भर उन्हात, घाम पुसायलासुद्धा हात बाहेर न काढता. मी मुंगीला घेऊन आत गेले. एक तपकिरी करडू उड्या मारत आलं, तिच्या तळहातावरच्या गोळ्या टिपू लागलं आणि मुंगी खुदकन हसली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा! मी हरखून गेले. तिला कान कुरवाळता यावेत म्हणून ते करडू उचलून छातीशी धरलं, आणि माझं हे मेलं तोंड बोलून गेलं, "अकरा किलो भरेल."

वीस वर्षांची सवय, दुसरं काय! हातात आलं की आकडा आपोआप बाहेर पडतो.

शेजारच्या दोन बायकांनी वळून पाहिलं. मुंगीचा हात कानावरच थांबला. "आत्या, याला पण नेणार?"

"नाही गं राणी, नाही, नाही..." मी करडू खाली ठेवलं, पण ऐकतं कोण? तिनं उरलेल्या गोळ्या पेल्यासकट जमिनीवर ठेवल्या आणि कुंपणाच्या कोपऱ्यात जाऊन पाठमोरी उभी राहिली. वहिनीनं मला डोळ्यांनीच भाजून काढलं. भावानं सगळं ऐकलं होतं. त्याचा चेहरा मला बघवेना.

"मुंगी, चल, घरी जाऊ," तो म्हणाला, आणि तिला बोलावताना त्यानं खिशातले हात काढून कुंपणाच्या दांडीवर ठेवले. घामेजलेल्या तळव्यांना खिशातलं होतं नव्हतं ते सगळं मीठ चिकटलं होतं.

एक म्हातारी पांढरी बकरी आली. हुंगलं, आणि लागली चाटायला. भाऊ दचकला, पण त्यानं हात मागे घेतला नाही. मग दुसरी आली, तिसरी आली. बघता बघता सगळा कळप पोरांचे पेले सोडून आमच्या खाटकाभोवती गोळा झाला. ते तपकिरी करडू तर पुढचे दोन पाय कुंपणावर टाकून त्याची बोटं चोखत होतं. आजूबाजूची पोरं बोंबलली, "काका, तुमच्याकडे काय आहे?"

मुंगी वळली. बघत राहिली. मग दोन पावलं जवळ आली. "तू यांना आवडतोस?"

मी भावाला खुणावलं. हो म्हण! अरे बाबा, हो म्हण आणि सूट!

"मी नाही," तो म्हणाला. "मीठ आवडतं त्यांना. माझ्या खिशातलं."

"दुकानातलं?"

मी डोळ्यांनीच नको, नको म्हटलं.

"हो," तो म्हणाला. "दुकानात कापताना हाताला लावतो ते. तू पाहिलंस ना, ते मीच करतो. आत्या खोटं बोलली."

गेलं, म्हटलं, सगळं मुसळ केरात. मुंगी कितीतरी वेळ त्याच्या हातांकडे बघत होती. बकरीच्या लाळेनं ते चकाकत होते.

"दुखतं त्यांना?"

"मी घाई करत नाही कधी. सुरी बोथट होऊ देत नाही. तरी... दुखत असेल, बाळा."

तिनं मान हलवली. करडाकडे पाहिलं. "मला पण दे मीठ."

भावानं दोन्ही खिसे उलटे केले. एक खडा नव्हता. "संपलं गं," तो इतक्या केविलवाण्या आवाजात म्हणाला की मलाच रडू फुटलं.

मुंगीनं कुंपणातून हात बाहेर काढला, बाबाचा पंजा धरला आणि आपला तळवा त्याच्या तळव्यावर घासला. लाळ, घाम, सगळ्यासकट. एकदा पुढून, एकदा मागून, नीट. मग हात करडापुढे सपाट धरला. करडू चाटू लागलं. गुदगुल्या होऊन ती हसली आणि दुसऱ्या हातानं बाबाचं बोट तसंच धरून राहिली. भाऊ दांडीवर कपाळ टेकून उभा होता. वहिनीनं भोपळ्याचं तोंड पुसायच्या निमित्तानं पाठ फिरवली.

निघताना फाटकाबाहेर मोठा रस्ता लागला. मी सवयीनं मुंगीकडे हात पुढे केला.

"आत्या, तू भोपळ्याला धर," ती म्हणाली, आणि बाबाबरोबर रस्ता ओलांडून गेलीसुद्धा.