ज्याच्या हातात मी, त्यानं बोलायचं

लोकरीचा चेंडू आहे मी, आणि आज थोडं स्वतःविषयी बोलतोय. आकाराने लिंबाएवढा, रंगाने धड निळा नाही नि धड राखाडी नाही. मला टप्पा येत नाही. भिंतीवर फेकलं तर मुकाट्याने खाली पडतो. खेळायला मी जवळजवळ निरुपयोगीच. तरीही आजवर इतक्या माणसांनी मला घट्ट धरलंय, की चांगल्या उसळणाऱ्या चेंडूंनाही हेवा वाटावा.

माझा जन्म एका मोडलेल्या मनगटामुळे झाला. एक आत्या न्हाणीघरात घसरून पडली. प्लास्टर निघाल्यावर डॉक्टर म्हणाले, "रोज काहीतरी मऊ दाबत जा, बोटांत ताकद येईल." बाजारातला रबरी चेंडू आत्याला घामट वाटला. तिने जुना स्वेटर उसवला आणि अवघडलेल्या हाताने, जमेल तसं विणून मला घडवलं. एका बाजूची माझी शिवण वाकडी आहे ती त्यामुळेच. मनगट बरं झालं आणि मी बिनकामाचा झालो.

आत्याच्या भाचीचं काम मोठं विचित्र होतं. कारखाना असो, कचेरी असो, जिथे कामाची पद्धत बदलायची असते आणि माणसं अडून बसलेली असतात, तिथे तिला बोलावतात. ती माणसांना गोलात बसवते, बोलतं करते, त्यांच्याकडूनच नवी वाट काढून घेते. पण एक दिवस ती आत्याकडे येऊन वैतागून म्हणाली, "वीस माणसं बसतात गं, आणि बोलतात दोघंच. उरलेले माना डोलावतात आणि बाहेर जाऊन उलटंच करतात."

आत्याने मला कपाटातून काढून तिच्या मांडीवर टाकलं. "हा दे एकेकाच्या हातात. ज्याच्या हातात हा, त्यानं बोलायचं. बाकीच्यांनी ऐकायचं."

अशी माझी नोकरी लागली.

या नोकरीत मला हातांची पारख आली. अधिकारी मला दोन्ही तळव्यांत गोल गोल फिरवतात आणि लवकर सोडत नाहीत. नवखी माणसं मी तापलेला असल्यासारखी मला पुढच्याकडे सरकवतात. आणि ज्याला काही सांगायचं असतं पण धीर होत नाही, तो अंगठ्याने माझी वाकडी शिवण चाचपत बसतो. शिवणीवर अंगठा आला की मी समजतो, इथे काहीतरी अडलंय.

हे सांगायचं कारण एका मोठ्या रुग्णालयाचं धुलाईघर.

तळघरातली ती लांबच लांब खोली, वाफेने कायम दमट. रुग्णालयभरच्या चादरी, अभ्रे, गाऊन पिशव्यांतून तिथे यायचे. पूर्वी एकेक चादर हाताने उलगडून निवडायचे. तीन महिन्यांपूर्वी नवं यंत्र आलं होतं: सरकता पट्टा, त्यावर चादर पसरायची, पुढचं सगळं यंत्र करणार. काम निम्म्या वेळात होईल असा अंदाज होता. होत होतं उलटंच. दिवसातून दहा-अकरा वेळा पट्टा थांबायचा. कुणीतरी लाल बटण दाबायचं, आणि दाबलं कुणी ते कुणीच सांगायचं नाही.

धुलाईघराचे साहेब सरळ माणूस, पण वरून त्यांच्यावर दट्ट्या होता. पहिल्याच भेटीत ते आत्याच्या भाचीला, म्हणजे आमच्या बाईंना, म्हणाले, "यांना यंत्र नकोय, म्हणून मुद्दाम थांबवतात. तुम्ही तेवढी यांची मानसिकता बदला."

बाई म्हणाल्या, "बघते. पण गोलात तुम्हीही बसायचं. आणि चेंडू हातात आल्याशिवाय बोलायचं नाही."

साहेबांनी हो म्हटलं. ते किती जड जाणार आहे याची त्यांना तेव्हा कल्पना नव्हती.

पहिल्या बैठकीला चौदा जणं होती. साहेबांनी मला घेतलं आणि बावीस मिनिटं सोडलं नाही. मग मी इस्त्रीकाकांकडे गेलो. वाफेच्या इस्त्रीवर त्यांचं उभं आयुष्य गेलेलं, तळवे चामड्यासारखे. ते म्हणाले, "साहेबांनी सगळं सांगितलंच आहे, मी काय वेगळं बोलणार? फक्त पंखा दुरुस्त करा." सगळे हसले. मी हातोहात पुढे सरकलो आणि घडीताईंकडे आलो.

पंचेचाळिशीतली, किरकोळ अंगाची बाई. त्यांच्या चादरीची घडी अशी बसायची की पट्टी लावून मोजावी, म्हणून हे नाव. मला हातात घेताच त्यांचा अंगठा थेट शिवणीवर गेला. 

बाईंची तिथे चूक झाली. त्या म्हणाल्या, "बोला ना ताई, इथे घाबरायचं काय? पट्टा का थांबतो, तुम्हाला काय वाटतं?"

घडीताईंनी मला खुर्चीवर ठेवलं आणि उठून निघून गेल्या. मागून कुणीतरी पुटपुटलं, "चेंडूबाई पोलीस निघाल्या." बाईंना ते नाव तेव्हापासून चिकटलं.

घरी जाताना बाई मला पिशवीत न टाकता हातात धरून बसल्या होत्या. इतरांना ऐकायला शिकवणाऱ्या बाईंना आपण घाई केली हे लागलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बैठक घेतलीच नाही. हातमोजे चढवले, एप्रन घातला आणि पट्ट्याच्या तोंडाशी घडीताईंच्या शेजारी उभ्या राहिल्या. मी एप्रनच्या खिशात होतो. आठ तास दोघी चादरी पसरत होत्या. बाईंना जमेना. चादरी गोळा व्हायच्या, कोपरे निसटायचे.

"कोपऱ्याला धरू नका, काठाला धरा," घडीताई म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "आत हात घालू नका. आधी झटका."

"का?"

"असंच."

त्या दिवशी पट्टा नऊ वेळा थांबला. बटण कोण दाबतं ते बाईंनी पाहिलं. त्यांनी ते कुणालाही सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात पुन्हा गोल बसला. साहेबांच्या कपाळावर आठ्या होत्या, वरून शेवटची मुदत आलेली. बाई म्हणाल्या, "आज मी प्रश्न विचारणार नाही. चेंडू फिरेल. ज्याला बोलायचं नाही त्यानं नुसता धरावा. आपण थांबू." मग पहिल्या बैठकीतल्या घाईबद्दल त्यांनी सगळ्यांसमोर घडीताईंची माफी मागितली.

मी फिरत फिरत घडीताईंकडे आलो. अंगठा शिवणीवर. यंत्र बंद होतं, नळातून पाणी ठिबकत होतं, तेवढाच आवाज. एक मिनिट गेलं. दोन गेली. साहेब खुर्चीत चुळबुळले. बाईंनी त्यांच्याकडे फक्त पाहिलं. त्यांच्या हातात मी नव्हतो, म्हणून ते गप्प राहिले.

"पट्टा मी थांबवते," घडीताई म्हणाल्या. आवाज अगदी बारीक. "चादरीत काही कडक लागलं की थांबवते. चादरीत सुई असते. वॉर्डातली. इंजेक्शनची. पूर्वी हळू उलगडायचो, दिसायची. आता पट्टा पळतो. दोन महिन्यांपूर्वी एक इथे घुसली." त्यांनी डाव्या हाताचं मधलं बोट पुढे केलं. "कुणाची होती माहीत नाही. तेव्हापासून घरात मी माझं ताट वेगळं ठेवते. मुलीला कारण सांगितलेलं नाही."

त्यांच्या मुठीत मी चपटा झालो होतो. इतकं घट्ट मला कुणीच धरलं नव्हतं.

साहेबांच्या तोंडून निघून गेलं, "अहो, मग सांगायचं नाही का?"

इस्त्रीकाका उठले. त्यांनी घडीताईंसमोर हात पसरला आणि मला मागून घेतलं. "चेंडू माझ्याकडे आहे, साहेब. मला सुई लागली तेव्हा मी सांगितलं होतं. रजिस्टरात 'निष्काळजीपणा' असा शेरा पडला. आम्ही कंत्राटी माणसं. दोन शेरे पडले की घरी. मग कशाला सांगायचं?"

बाईंनी हळूच विचारलं, "आणखी कुणाला लागली आहे?"

चार हात वर झाले.

इस्त्रीकाकांनी मला साहेबांकडे दिलं. या वेळी त्यांनी मला फिरवलं नाही.  "तो शेरा मीच लिहिला होता," ते म्हणाले. "आज पट्टा बंद राहू दे. वर काय सांगायचं ते मी बघतो. आधी तुम्ही सगळे तपासणीला चला." आणि ते स्वतः सहाही जणांना घेऊन जिना चढले.

डॉक्टरांनी घडीताईंचं रक्त घेतलं. म्हणाले, "पहिल्या दोन-तीन दिवसांत आला असतात तर लगेच औषध सुरू करता आलं असतं. आता तपासत राहायचं. पुन्हा एक महिन्याने, मग चार महिन्यांनी." साहेब दाराशी उभे होते. त्यांनी हे ऐकलं.

खरं काम त्यानंतर सुरू झालं. पुढच्या बैठकीला वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर आल्या, भांडायच्याच तोऱ्यात. "चाळीस पेशंट आणि दोन सिस्टर. एकीकडे रक्त वाहतंय, दुसरीकडे सुई टाकायचा डबा खोलीच्या त्या टोकाला. आमच्या मुलींनी काय करावं?" त्यांना वाटलं होतं भांडण होईल. पण इस्त्रीकाकांनी मला घेऊन एवढंच विचारलं, "डबा इंजेक्शनच्या गाडीलाच टांगला तर?" सिस्टर म्हणाल्या, "हे आम्हाला आजवर कुणी विचारलंच नाही."

खाली पट्ट्याशी काय करायचं, ते मात्र सहज सुटलं नाही. साहेबांच्या मनात जाळीचं टेबल होतं. चादर झटकली की सुई खाली पडेल. रुग्णालयाच्या सुताराने ते बनवलं. ओल्या चादरी जाळीला चिकटल्या, दोन फाटल्या, आणि त्या दिवशी काम निम्म्यावर आलं. वरून साहेबांना फोन आला. बाहेर येऊन ते बाईंना म्हणाले, "जुनीच पद्धत बरी होती असं म्हणतायत."

बाई म्हणाल्या, "काय फसलं ते आता आपल्याला कळलंय. आणखी एक आठवडा मागा."

साहेबांनी तो मागितला. कसा, ते मला माहीत नाही, मी तेव्हा खिशात होतो.

मार्ग घडीताईंना सुचला. मला मागून घेऊन त्या म्हणाल्या, "कापडाला भोक आहे का बघायचं तर आपण ते खिडकीसमोर धरतो. पट्ट्याच्या तोंडाशी खालून उजेड द्या. मी सांगते सुई कुठे आहे." सुताराने जाळी काढून दुधी काच बसवली, खाली दिवे लावले. चादर एकेरी पसरली की आतली सुई काळ्या रेघेसारखी उठून दिसायची. पट्ट्याची पहिली तीन हात लांबी घडीताईंनी संथ करून घेतली, पुढची वेगात. पहिल्या आठवड्यात नऊ सुया सापडल्या. महिन्याने दोन. डबे गाडीला टांगले गेले होते. बटण अजूनही दाबलं जायचं, पण आता दाबणारा हात वर करून म्हणायचा, "मी थांबवलाय, या बघायला." शेऱ्यांचं रजिस्टर साहेबांनी कपाटात बंद केलं आणि त्या जागी नुसती वही ठेवली: काय सापडलं, कुठल्या वॉर्डातून आलं. नाव कुणाचंच नाही.

या गडबडीत मी एका गाऊनमध्ये गुंडाळला जाऊन धुलाईयंत्रात गेलो. उकळतं पाणी आणि लोकर. संत्र्याएवढा आत गेलेला मी लिंबाएवढा बाहेर आलो. इस्त्रीकाका म्हणाले, "आता बैठका लहान होतील." बाई हसल्या, पण मला सुकायला त्यांनी स्वतःच्या हाताने ठेवलं.

चार महिन्यांनी घडीताईंचा शेवटचा अहवाल आला. काही निघालं नव्हतं. तो कागद त्यांनी आधी साहेबांना दाखवला, मग जिन्याच्या पायरीवर बसून त्या खूप वेळ रडल्या. दुसऱ्या दिवशी कामावर आल्यावर म्हणाल्या, "काल मुलीच्या ताटात जेवले."

बाईंचं काम संपलं. निघताना त्यांनी मला घडीताईंच्या हातावर ठेवलं. "मला दुसरा विणून मिळेल," त्या म्हणाल्या. "स्वयंपाकघरात नवी पद्धत येतेय. तिथली माणसं अडून बसलीत. साहेबांनी मला विचारलं, मी तुमचं नाव सांगितलं."

"मला? मला चार लोकांत बोलता येत नाही, बाई."

"तुम्हाला थांबता येतं."

ही गोष्ट गेल्या आठवड्यातली. आत्ता मी घडीताईंच्या मुठीत आहे. आम्ही रुग्णालयाच्या स्वयंपाकघराबाहेर उभे आहोत. आत खुर्च्या सरकवल्याचे आवाज येतायत, कुणीतरी मोठमोठ्याने तक्रार करतंय, बाकीचे गप्प आहेत. ताईंचा अंगठा माझ्या शिवणीवर आहे.

तुमच्याकडेही कुणी गप्प बसलेलं असेल. तुम्हाला माझी गरज नाही, थोडा वेळ थांबलात तरी पुरे. बरं, येतो मी. ताईंनी दार ढकललंय.