तिसरी प्लेट

तिनं प्लेट पिवळ्या कचरापिशवीत सोडायला हात पुढे केला, आणि मागून प्रयोगशाळेतले काका म्हणाले,

"ही तिसरी ना, ताई?"

हात तिथंच थांबला. काकांच्या आवाजात ना खोच होती ना चौकशी. पिशवीची गाठ मारता मारता ते बोलले एवढंच. वीस वर्षं ते इथल्या बाटल्या धूत आले होते, त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे.

प्लेटच्या तळाशी पेशींचा जांभळा थर होता आणि त्याला पाच बारीक भोकं पडली होती. भोकं म्हणजे तिथल्या पेशी मेल्या, विषाणू जिवंत. आणि तो जिवंत असायला नको होता. विषाणूचा आरएनए म्हणजे चार अक्षरांचा लांबलचक धागा. एके ठिकाणी तो स्वतःवरच दुमडतो, आणि दोन्ही बाजूंची अक्षरं जोडीजोडीनं एकमेकांना धरून ठेवतात. ही घडी मोडली की विषाणू वाढत नाही, अक्षरं कुठली का असेनात, घडी हवी, हे तिच्या प्रबंधाचं म्हणणं. म्हणून तिनं एका बाजूचं एक अक्षर बदलून जोडी तोडली होती. चाळीसपैकी सदतीस प्लेट्सचा थर अखंड राहिला. तीन मात्र भोकांच्या. कुठून तरी मूळ विषाणू मिसळला असणार, आपलाच हात वेंधळा, असं ठरवून पहिल्या दोन तिनं गुपचूप टाकून दिल्या. वहीत ओळसुद्धा नाही.

प्रबंध द्यायला पंधरा दिवस उरले होते. तिची चार वर्षांची लेक दोन वर्षं आजोळी वाढत होती. प्रबंध दिला की तिला घरी आणायचं ठरलं होतं. नवऱ्यानं खोली रंगवूनही ठेवली होती.

काका गेले. ती प्लेट घेऊन मार्गदर्शक मॅडमकडे गेली. आधीच्या दोन प्लेट्सचं काही बोलली नाही.

मॅडमनी तिला आधी फैलावर घेतलं, हात धुतेस की नाही म्हणून विचारलं, मग भोकातल्या विषाणूची अक्षरं वाचून घ्यायला लावली. ते चार दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. मूळ विषाणू निघाला तर निष्काळजीपणा आपला, आणि बदललेलाच जगलेला निघाला तर सगळं म्हणणंच पाण्यात.

पाचव्या दिवशी सकाळी मॅडमनी तिला पडद्यासमोर बसवलं. तिनं बदललेलं अक्षर होतं तिथंच होतं. बदललं होतं ते त्याच्या समोरचं, आणि ते विषाणूनं आपण होऊन बदललं होतं. तोडलेली जोडी नव्या अक्षरांनी पुन्हा जुळली होती.

"अगं, लबाडानं आपली घडी आपणच घातली," मॅडम म्हणाल्या. "तुला याहून मोठा पुरावा कुठून मिळणार?"

तिनं ती दोन्ही अक्षरं पुन्हा एकदा वाचली. आणि पाठोपाठ त्या दोन प्लेट्स आठवल्या. त्याही पुरावाच असणार.

मॅडमनी प्रबंधाच्या अर्जावर सही करायला पेन काढलं.

"चाळीसमध्ये एकदाच दिसलं, असं लिही. वहीशी जुळतंय."

गप्प राहणं फार सोपं होतं. काका कुणाला सांगणारे नव्हते. पेन कागदाला टेकलं.

"तीनदा दिसलं होतं," ती म्हणाली. "दोन मी टाकल्या. वहीत नाहीत."

मॅडमनी पेनाला टोपण घातलं आणि अर्ज बाजूला सारला. ओरडल्या असत्या तर बरं, असं तिला वाटलं. त्यांनी थोडक्यात सांगितलं: चाळीसच्या चाळीस पुन्हा, आणि या खेपेला प्रत्येक प्लेटची नोंद. म्हणजे निदान चार महिने.

जिन्यात उभं राहून तिनं आईला फोन लावला. लेकीला एवढ्यात नेता येणार नाही, एवढंच सांगितलं. आईनं विचारलं,

"काही चुकलं का गं तिकडे?"

"नाही गं आई. बरोबर निघालं," ती म्हणाली, आणि तिला रडू आवरेना.