शिडीवाला बुटका आणि तिरका पूल

या, असे जवळ सरका. मागच्यांनी भिंतीला टेकलात तरी चालेल, पण कान इकडे द्या. आज एका खेळाची गोष्ट सांगायची आहे. खेळ म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचा, कॅसेट घालून. हसू नका, मायबापहो. देव कुठल्या वस्तूत काय ठेवून जाईल याचा नेम नसतो.

एक बाई होती. फाटल्या कपड्यांना रफू करायची. ड्रायक्लीनरच्या दुकानात मागच्या अंगाला, ट्यूबलाइटखाली तिचं टेबल होतं. सगळे तिला रफूताई म्हणत. तिचं काम असं, की दिसलं तर वाया गेलं. गिऱ्हाईक कोट उलटासुलटा करून विचारायचं, "भोक होतं तरी कुठं?" तीच तिची शाबासकी.

तिला एक धाकटा भाऊ. लहानपणापासून चौकटीच्या कागदावर ठिपके भरून चित्रं काढायचा. घोडा काढायचा, आगीचा बंब काढायचा, शेजारणीचं नाकसुद्धा काढायचा. म्हणून घरात त्याचं नाव पडलं ठिपक्या. मोठेपणी नोकरीही तसलीच मिळाली, टीव्हीवरचे खेळ बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत. आई म्हणायची, चला, या पोराचे ठिपके एकदाचे पोटाला लागले.

ती आई गेली तेव्हा ठिपक्या वेळेवर आला नाही. खेळ कॅसेटवर चढवायला कारखान्यात जायचा होता, म्हणून आज निघतो, उद्या निघतो करत राहिला, आणि पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं. रफूताईने त्याला दारातच विचारलं, "झाल्या का तुझ्या बाहुल्या नाचवून?" त्याने खांद्यावरची पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. तसाच मागे फिरला. त्यानंतर दोघांचं बोलणं खुशालीपुरतं उरलं. एकदा फोनवर तो चाचरत म्हणाला होता, की ताई, खेळाच्या शेवटच्या घरात आई आहे, बघ एकदा. हिचा राग अजून ओला होता. आईला खेळण्यात बसवलंस होय रे, म्हणून तिने फोन ठेवून दिला.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. त्या आईचा एकही फोटो नव्हता. कॅमेरा दिसला की ती पाठ फिरवायची, नाहीतर चहा उतू जातोय म्हणून आत पळायची, मग चुलीवर चहा असो नसो. कुणाच्या लग्नातल्या एका फोटोत तिचं कोपर तेवढं सापडलं होतं. वर्षं सरली तसा रफूताईच्या मनातला चेहराही विरत गेला. आधी डोळे मिटले की आई समोर यायची, आता नुसता उजेड यायचा. विरलेल्या कापडाला रफू करायचं तर कडेला चार धागे धड लागतात. इथे कडाच उरली नव्हती.

आणि मग ठिपक्याही गेला. अचानक, बसल्या जागी. भेटायला माणसं येऊन गेली, घर रिकामं झालं, तेव्हा रफूताईने त्याच्या मुलीकडे एवढंच मागितलं, की मला बाबाचा तो खेळ दे, बाकी काही नको.

भाची चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचा नंबर काढायची. सुटीच्या दिवशी टेम्पो करून ती खेळाची पेटी, कॅसेट आणि एक अवजड टीव्ही घेऊन आली. नव्या टीव्हीला हे जोडता येत नाही, म्हणून हा डबाही आणलाय, म्हणाली. टीव्ही ठेवायला शिवणयंत्र बाजूला सारावं लागलं. कॅसेटवर फुंकर मारली, वायर हलवली, आणि पडद्यावर एक बुटका उभा राहिला. टोपी घातलेला, पाठीवर शिडी.

या बुटक्याने उड्या मारत, खड्डे ओलांडत घरी पोचायचं, एवढाच खेळ. गंमत अशी, की शिडी तो शेवटपर्यंत वापरत नाही.

"आत्या, पाठीवर शिडी आणि हा भिंतींवर उड्या मारतोय," भाची म्हणाली. "बाबांचाच माणूस शोभतो. घरात छत्री असायची आणि हे भिजून यायचे."

तर हा खेळ त्या काळी बाजारात चालला नाही. दुकानात खालच्या फळीवर धूळ खात पडला. ज्यांनी घेतला त्यांनी परत आणून दिला, कारण शेवटची स्टेज अर्धवट आहे म्हणे. कंपनीला टाळं लागलं, आणि ठिपक्या औषधांच्या खोक्यांवरची चित्रं काढायला लागला. खेळाचा विषय निघाला की जाऊ दे म्हणायचा. एकदाच मुलीला म्हणाला होता, "मला वाटलं, लोकांना कळेल."

रफूताईला पहिला खड्डाच पार होईना. बुटका पडायचा, ही जिभेने चक् करायची, पुन्हा उभा करायची. पण जो अंगठा आयुष्यभर सुईच्या मागे लागला, तो रिमोटच्या बटणाला काय भितो? दुकानातून आली की पाय धुऊन, देवाला हात जोडून ती टीव्हीपुढे बसायची. "नाम घेताना मन पळतं," म्हणायची, "इथं पळालं की बुटका मरतो." हळूहळू बुटका जंगल ओलांडून गेला, छपरांवरून गेला, आणि एका रविवारी दुपारी, भाची शेजारी बसलेली असताना, शेवटच्या पुलाशी आला.

पूल तिरक्या फळ्यांचा होता. बुटक्याने पाय ठेवला की एकेक फळी उजळायची, पण तिरकीच राहायची. पुलाच्या शेवटी आडवी भिंत. दार नाही, खिडकी नाही. रफूताईने उड्या मारून पाहिल्या. पडदा हळूहळू काळा झाला आणि बुटका गेला. पुन्हा आणला, पुन्हा गेला.

भाचीने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. जीव नको आटवूस आत्या, म्हणाली, लोक म्हणायचे ते खरंच असेल, बाबांच्या हातून राहून गेलं असेल. आई पुलापलीकडे होती, आणि पुलापलीकडे काही नव्हतं.

आता एकच जीव उरला होता. तो गेला की पुन्हा पहिल्या खड्ड्यापासून. तिने बुटक्याला सावकाश नेलं आणि भिंतीशी उभा करून मागे नजर टाकली. उजळलेल्या फळ्या एकाच अंगाला कललेल्या होत्या. ओळीने, बारीक, एकसारख्या. असं कुठं पाहिलं होतं तिने? उशीच्या अभ्र्यावर. आई फुलीचा टाका घालायची तेव्हा एकेक फुली पुरी करत बसायची नाही. आधी अख्खी ओळ तिरकी घालत जायची आणि मग त्याच ओळीवरून परत यायची. लेकरं मांडीशी बसून ते बघतच वाढली.

"मागे फिरते," रफूताई म्हणाली.

"अगं, मागे काय आहे? या खेळांत पुढेच जायचं असतं."

"आईचा टाका आहे हा. जाताना अर्धा, येताना पुरा."

तिने बुटक्याचं तोंड फिरवलं. पहिल्या फळीवर दुसरी फळी उलटी तिरकी बसली आणि फुली झाली. मग दुसरी, तिसरी. पडदा काळवंडायचा थांबला. बुटका निघाला होता त्या टोकाला पोचला, तर तिथेच, पुलाच्या अलीकडे, एक दार उघडलं. ठिपक्याला वाटलं होतं, ओळीच्या टोकाला गेलेलं माणूस परत येणारच, हे काय सांगायला हवं? भोळा जीव. जगातल्या सगळ्या आया तशाच टाके घालतात असं धरून चालला.

दाराच्या आत एक खोली होती आणि खोलीत एक बाई बसलेली. बोटभर उंचीची. चेहऱ्याच्या जागी दोनचार ठिपके, ना नाक ना डोळे. भाची आत्याकडे बघत राहिली. एवढ्या वाटेचं हे फळ?

तेवढ्यात त्या बाईने मान डावीकडे कलती केली, दोरा दाताने तोडला आणि सुई खांद्यावरच्या कापडात खोचली. थोडं थांबून पुन्हा मान कलती केली.

रफूताईच्या हातातला रिमोट मांडीवर आला.

"आजी अशी होती?" भाचीने हळूच विचारलं.

"तोंड नाही गं काढलं त्यानं," रफूताई म्हणाली. "त्याच्याकडे तरी कुठं फोटो होता. पण मान अशीच कलायची. अशीच." मग ती पडद्याकडे बघूनच म्हणाली, "आला होतास रे. मीच दार लावून बसले."

बटण दाबलं असतं तर खेळ संपला असता. तिने दाबलं नाही. बाई दोरा तोडत राहिली, सुई खोचत राहिली, आणि त्या दोघी बघत राहिल्या. त्या खेळात केलेली वाट साठवून ठेवता यायची नाही. बंद केला की सगळं पहिल्यापासून. रफूताई आजही आठवड्याला एकदा तो बुटका अख्ख्या वाटेने नेते, भिंतीशी पोचवते आणि परत आणते.

मायबापहो, उठायच्या आधी एक मागणं. त्या माणसाने आयुष्यात एकच खेळ केला आणि तो एका बहिणीशिवाय कुणी पुरा खेळला नाही. आज देवापुढे हात जोडाल, आपल्या गेलेल्या माणसांची नावं घ्याल, तेव्हा शेवटी त्याचंही घ्या. खरं नाव ठाऊक नाही म्हणाल, तर नुसतं ठिपक्या म्हणा. देव ओळखतो.